प्रचारातला फोटो नेमका कोणाचा?

एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा सालेकसाकडे जाताना मध्येच रेंज गेली, अशांसाठी हा लिहिलेला भाग. बोलताना जे अर्धवट राहिलं होतं, तेही इथे टाकलंय.

माझा एक मित्र गोंदियात लग्नाचे फोटो काढतो. २०२४ च्या लोकसभेला एका उमेदवाराच्या टीमने त्याला प्रचारासाठी घेतलं. रोजचे पैसे ठरले. बाकी काहीच ठरलं नाही, आणि पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

एप्रिलची दुपार, सभा दोनची. तेव्हा आपल्याकडे मोहफुलांचा सीझन असतो. बायका पहाटेपासून मोह वेचून आलेल्या, पुढारी दीड तास लेट. मित्राने दोन फोटो काढले. एक स्टेजवरून, पुढच्या चार रांगा घट्ट धरून, म्हणजे मंडप गच्च भरलेला वाटतो. दुसरा मागून. त्यात रिकाम्या खुर्च्या, आणि मधोमध एक आजी तोंडावर पक्षाची टोपी ठेवून शांत झोपलेली. टीममधल्या पोराने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तो बघितला आणि म्हणाला, "भाऊ, हा उडव." त्याने उडवला.

रात्री मला पुण्यात फोन. "वापस येते का रे तो?"

आता हे आपल्या खात्यातलं काम. डिलीट केलं की फोटो कार्डावरून लगेच पुसला जात नाही, फक्त ती जागा मोकळी म्हणून नोंदवली जाते. तिच्यावर नवीन काही लिहिलं गेलं नाही तर फोटो बहुतेक वेळा परत मिळतो. त्याने नशिबाने लगेच कार्ड बदललं होतं. फोटोरेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं आणि आजी परत आली.

फोटो परत मिळाला, पण तो त्याचा आहे का? मी वकील नाही, पण कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ वाचून मीच चाट पडलो. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो, काढणारा नाही. म्हणजे आजी हार्ड डिस्कवर आहे, पण मित्र तिचं प्रदर्शन भरवू शकत नाही. या कलमातले खरे कामाचे शब्द "वेगळा करार नसेल तर" हेच. फोटो उमेदवाराने प्रचारासाठी वापरावेत, निकालानंतर माझे म्हणून दाखवायचा हक्क माझा, एवढं आधी लिहून घेतलं असतं तर चित्र वेगळं असतं.

गंमत बघा, त्या रिकाम्या खुर्च्या लपणार नव्हत्याच. मोठ्या सभांना निवडणूक यंत्रणेची व्हिडिओ टीम येते. त्यांची पद्धत मला फार आवडली. शूटिंग सुरू करताना कार्यक्रम, तारीख, ठिकाण, पक्ष, उमेदवार हे सगळं आवाजात रेकॉर्ड करायचं, मग गाड्या आणि त्यांचे नंबर, खुर्च्या, स्टेज, बॅनर टिपायचे. त्यावरून खर्च मोजतात. लोकसभेला इथे उमेदवाराची मर्यादा ९५ लाख होती. खुर्ची रिकामी असली तरी भाडं हिशेबात लागतंच. माझ्या मित्राची मजुरीसुद्धा त्याच हिशेबात.

म्हणजे एकाच मंडपात दोन कॅमेरे. एक उमेदवार चांगला दिसावा म्हणून, एक खर्च मोजायला. ती आजी दोघांच्याही कामाची नाही. डॉक्युमेंटरी फोटोग्राफर तिच्यासाठी उभा असतो, आणि आपल्याकडे त्याला पैसे द्यायला सहसा कुणी नसतं.

कधीकधी तिन्ही गोष्टी जुळतात. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले, तो फोटो घराघरात पोचला. पण पाऊस काही रोज येत नाही. २०१८ ची भंडारा-गोंदिया पोटनिवडणूक आठवते? मे महिना, मशीन बंद पडल्या आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं. माझ्या लेखी त्या निवडणुकीचा खरा फोटो म्हणजे उन्हात ताटकळलेली रांग. तो बाहेरूनच काढावा लागतो. मतदान केंद्राच्या आत जायला आयोगाचं पत्र लागतं, आणि पत्र असलं तरी मत देण्याच्या जागेचा फोटो काढायचा नाही.

१९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच भागातून, भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले आणि हरले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. आमच्या घरात त्या प्रचाराच्या गोष्टी आहेत, फोटो एकही नाही. म्हणून मी मित्राच्या मागे लागलो. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लाव. फोटोखाली गाव आणि मतदारसंघ लिही. देवरी आपल्याच जिल्ह्यात, पण लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये जाते, वीस वर्षांनी कुणाला आठवणार? व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर फोटो दाबला जातो आणि तारीख-वेळेची माहिती गळते. आणि कॉपी दोन ठिकाणी ठेव. केनेडींच्या १९६० च्या प्रचारात सोबत फिरलेल्या जॅक लो यांच्या सुमारे ४०,००० निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बँकेच्या तिजोरीत होत्या. ११ सप्टेंबर २००१ ला सगळ्या गेल्या. कॉन्टॅक्ट शीट दुसरीकडे होत्या, म्हणून निदान काही हाती लागलं.

आजीची एक कॉपी आता गोंदियात आहे, एक माझ्याकडे. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला मित्राला दुसऱ्या टीमचा फोन आला. या वेळी त्याने आधी चार ओळींचा मेसेज टाकला: पैसे किती, वापर कुठे, हक्क कोणाचा. समोरून उत्तरात फक्त अंगठा आला. तो करार धरायचा की नाही, यावर आमचं भांडण अजून चालू आहे.