ताई, व्हॅलिडिटी कशी काढायची?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी बारावी होऊन धुळ्याच्या नाहीतर नाशिकच्या कॉलेजात निघते, तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकची एक फाइल असते. गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. व्हॅलिडिटी, म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र, बहुतेक वेळा राहिलेलं असतं. त्यासाठी अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? मग कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद किंवा जमिनीचा जुना उतारा शोधावा लागतो. तहसील कचेरीत हा कागद मागायचा कसा, हे तीन वर्षांपूर्वी त्याच दारात उभी राहिलेली ताई नेमकं सांगते.

तरुणांना मार्गदर्शक जोडून देणाऱ्या संस्थांचं काम अशा ठिकाणी सुरू होतं. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास. घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी मुलं इथे पुष्कळ.

जोडी लावताना भाषा आधी पाहावी. भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला ‘करमत नाही, परत येतो’ हे प्रमाण मराठीत सांगणं जड जातं. आपल्या बोलीत तो ते पहिल्याच फोनवर सांगतो. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी ही वाट फार आधी दाखवली. नर्मदा बचाओ आंदोलनातून १९९०च्या दशकात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत त्या उभ्या राहिल्या, आणि तिथे शिकलेल्यांपैकी काही जण पुढे तिथेच शिक्षक झाले. आपल्यातलाच कुणी शिकवतोय, हे पाहण्यातून मिळणारं बळ मला फार मोलाचं वाटतं.

जोडी लागली की खरी कसोटी टिकण्याची. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली अमेरिकेतल्या अशा जोड्यांचा अभ्यास मांडला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या नात्याचा मुलांना सर्वाधिक फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यातल्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट घटला. म्हणून दोन महिन्यांच्या उत्साहावर मुलं जोडून देऊ नयेत, असं मी संस्थांना कळकळीनं सांगेन.

नातं टिकवायचं तर मार्गदर्शकाला सांभाळावं लागतं, आणि देणगीदार नेमके इथेच हात आखडतात. शिबिराच्या बॅनरला पैसे मिळतात. ताईच्या एसटीच्या तिकिटाला आणि मोबाइलच्या रिचार्जला मिळत नाहीत. शिवाय पगारी समन्वयक हवा. त्यानं महिन्यातून एकदा प्रत्येक जोडीची विचारपूस करायची, अडलेला अर्ज पुढे न्यायचा, तळोदा किंवा नंदुरबारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या स्वयंम योजनेच्या पैशांची चौकशी करायची. मूल अठराच्या आतलं असेल तर मार्गदर्शकाची पार्श्वभूमी तपासणं, पालकांची संमती घेणं आणि भेटी चारचौघांत ठेवणं यांत सवलत नको. घरचं मोठं संकट समोर आलं तर ते एकट्यानं पेलायचं नाही, कुणाला कळवायचं, हेही मार्गदर्शकाला पहिल्याच दिवशी सांगावं.

वेळापत्रक सातपुड्याच्या वर्षाप्रमाणे आखावं. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठीला सोबत नेतात, आणि शिक्षण सुटतं ते या दिवसांत. तेव्हा दिवाळीच्या आधीची भेट मुलीच्या घरीच व्हावी, आईवडिलांसमोर: वसतिगृहात जागा आहे का, परीक्षा कधी, धाकट्यांचं काय. होळीला माणसं परततात. त्या दिवसांत दुसरी भेट ठेवली, तर आईवडीलही सापडतात आणि पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची तयारीही होते. जोडीचं वर्ष संपत असेल तर तेही तेव्हाच तोंडानं सांगावं. फोन उचलणं हळूहळू बंद करू नये. आणि मुलीची व्हॅलिडिटी हातात आली असेल, तर कोतवाल बुकातल्या त्या नोंदीची एक झेरॉक्स तिच्या धाकट्या भावाच्या नावानं वेगळी काढून ठेवावी.