कुक्षीचा कागद : खसऱ्याच्या नकलेपासून सायबर तहसीलपर्यंत

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या कुक्षीच्या शेतकऱ्याला वारंवार लागणारा सरकारी कागद म्हणजे खसऱ्याची नकल. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात, त्याच जातीचा हा उतारा. पेरणीआधी बँकेचे कर्ज काढायचे तर तो हवा, जमीन विकायची तर हवा, कोर्टात दावा लावायचा तरी हवाच. पूर्वी पटवारी, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, बस्ता सोडून नोंद शोधी आणि हाताने उतरवून देई. दप्तरातली तीच नोंद दर हंगामाला नव्या कागदावर उतरे. कचेऱ्यांमधली कागदाची बरीच नासाडी या पुनःपुन्हा उतरवण्यातून होते.

1 जानेवारी 2000 रोजी धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ हा गावोगावी संगणकाने सरकारी सेवा पोचवणारा प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला सुमारे वीस सूचनालये, म्हणजे गावातली माहिती केंद्रे, होती. प्रत्येकात एक संगणक, एक छपाईयंत्र आणि टेलिफोनच्या तारेवरून धारच्या जिल्हा पंचायतीशी जोडणी. ते चालवणारा ‘सूचक’ म्हणजे गावातलाच शिकलेला तरुण. त्याला पगार नव्हता, सेवेच्या शुल्कातून त्याचे भागे. मंडीचे भाव 5 रुपयांत कळत, खसऱ्याची नकल 15 रुपयांत मिळे. उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्याचा अर्ज तारेने जाई आणि दाखला घ्यायला माणूस एकदाच कचेरीत जाई. त्याच वर्षी या प्रकल्पाला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. तो कौतुकास पात्र होताच. मात्र ज्ञानदूतने वाचवले ते हेलपाटे. कागद फारसा वाचला नाही, कारण संगणकातली नोंद शेवटी छापूनच हाती पडे.

यामागे कायद्याचीही अडचण होती. माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला तो 17 ऑक्टोबर 2000 रोजी, म्हणजे ज्ञानदूतनंतर साडेनऊ महिन्यांनी. तोवर पडद्यावरच्या सहीला कायदेशीर मान्यताच नव्हती. त्यात वीज जाई, टेलिफोन बंद पडे, आणि पुढच्या काही वर्षांत सूचनालयांचा वापर ओसरला.

2010 साली मध्य प्रदेशाने लोकसेवा हमीचा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. ठरल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड, कमाल 5,000. 2012 पासून लोकसेवा केंद्रे उघडली. अर्ज संगणकावर चढू लागले, पण त्यांना जोडायच्या छायाप्रती चालूच राहिल्या. एका सरकारी खात्याचा कागद दुसऱ्या सरकारी खात्याला दाखवण्यासाठी नागरिकाने झेरॉक्स काढत राहणे, ही या साऱ्या काळातली सर्वांत अनावश्यक गोष्ट.

कागद हातात असला म्हणजे हक्क पक्का, हा समजही नर्मदाकाठी टिकला नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात कुक्षी तहसिलीतले निसरपूर गेले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनातली बनावट खरेदीखते इतकी गाजली की चौकशीसाठी उच्च न्यायालयाला 2008 साली झा आयोग नेमावा लागला. खरेदीखत आणि जमिनीची नोंद परस्परांशी आपोआप ताडली जात नव्हती, तिथेच खोटेपणाला वाव मिळाला.

ही जोडणी झाली महसूल खात्याच्या ऑनलाइन सायबर तहसिलीत. 2022 साली सिहोर आणि दतिया जिल्ह्यांत तिचा प्रयोग झाला आणि 29 फेब्रुवारी 2024 रोजी ती सर्व 55 जिल्ह्यांत, अर्थात धारमध्येही, लागू झाली. पूर्वी खरेदी नोंदवल्यावर घेणाऱ्याला खताची प्रत जोडून नामांतरणाचा, म्हणजे आपल्याकडच्या फेरफाराचा, वेगळा अर्ज करावा लागे. आता नोंदणी होताच प्रकरण आपोआप उभे राहते आणि आदेशाची प्रमाणित प्रत ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर येते. अर्जही नाही, जोडपत्रेही नाहीत. खरी कागदबचत इथे सुरू झाली.

तिला मर्यादाही होती. 2024 साली ही सोय पूर्ण खसरा क्रमांकाच्या निर्विवाद खरेदीपुरती होती. वादातल्या जमिनीचे नामांतरण आजही तहसीलदारांपुढे सुनावणी होऊनच ठरते.