रेघ आखली म्हणजे सुरक्षित?

कॅलिफोर्नियातील अनेक महामार्गांवर एकाहून अधिक प्रवासी असलेल्या मोटारींसाठी एक मार्गिका राखीव असते. समजा, तिच्यात वेग ताशी १०० किलोमीटर आहे आणि शेजारच्या कोंडीत ४०. फरक ६०, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. मागची मोटार ५० मीटरवर असताना कोणी ४० च्या वेगाने मध्ये शिरले, तर ते अंतर ३ सेकंदांत संपते.

मग दुहेरी रेघा आखून ठरावीक जागीच प्रवेश ठेवला तर? आपल्याला हे सुरक्षित वाटते. बर्कली येथील संशोधकांच्या २००९ सालच्या अभ्यासात मात्र अशा मार्गिका कुठूनही प्रवेश देणाऱ्या मार्गिकांपेक्षा सुरक्षित ठरल्या नाहीत. मार्गिका बदलणे थांबत नाही. ते थोड्या जागेत एकवटते. वेगातला फरक २० वर आणला, तर तेच ५० मीटर संपायला ९ सेकंद लागतात. वर्गात हे गणित आपण करून पाहू या.