दुकानात न मिळणारी मासिके

मासिक म्हटले की आपल्यासमोर कथा, कविता, व्यंगचित्रे आणि शब्दकोडी यांनी नटलेला अंक उभा राहतो. दिवाळीच्या सुमारास असे अंक घरोघर येतात, हातोहात फिरतात आणि शेवटी त्यांची पाने सुटेपर्यंत वाचले जातात. परंतु मासिकांची आणखी एक जात आहे. ती पुस्तकांच्या दुकानात सहसा दिसत नाही, वाचनालयाच्या मेजावरही क्वचितच आढळते. विशिष्ट धंद्यातील माणसांनी त्याच धंद्यातील माणसांसाठी चालविलेली ही नियतकालिके होत. कापडवाल्यांची निराळी, औषधवाल्यांची निराळी, छापखानेवाल्यांची निराळी. त्यांना आपण व्यवसाय-नियतकालिके म्हणू. त्यांपैकी इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगातील नियतकालिकांची थोडी ओळख करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

हा प्रकार आपल्या मराठी वाचकांना अगदीच परका नाही. बेळगावात सायकलीच्या दुकानापासून आरंभ करून पुढे नांगराचा कारखाना उभारणाऱ्या किर्लोस्करांनी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र काढले. कारखान्याची आणि तेथील मालाची वार्ता देणे हा त्याचा मूळ उद्देश. पुढे त्याचेच मराठी घराघरांत वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. कारखान्याच्या पोटी जन्मलेले पत्र स्वतःच्या पायांवर उभे राहून समाजाचे कसे होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. ते ध्यानात ठेवावे. पुढे त्याची आठवण करावी लागणार आहे.

आता इलेक्ट्रॉनिक्सकडे वळू. साधा रेडिओ उघडून पाहिला तरी आत कितीतरी सुटे भाग दिसतात. रेडिओ तयार करणारा कारखानदार हे सारे भाग स्वतः बनवीत नाही. कोणता भाग कोण बनवितो, कोणाचा अधिक टिकतो, कोणाचा स्वस्त पडतो, नवीन काय निघाले, हे त्याला सतत माहीत असावे लागते. शिवाय या उद्योगात काल नवा असलेला भाग उद्या जुना ठरतो. पाठ्यपुस्तक लिहून, छापून हाती पडेपर्यंत त्यातील माहिती शिळी होते. तेव्हा पुस्तकापेक्षा वेगाने धावणारे आणि दैनिकापेक्षा खोलात शिरणारे असे काहीतरी हवे होते. ती गरज व्यवसाय-नियतकालिकांनी भागविली.

त्यांचा आरंभही एका कंपनीच्याच अंगणात झाला. बिनतारी संदेशवहनात अग्रेसर असलेल्या मार्कोनी यांच्या कंपनीने इंग्लंडात एप्रिल १९११ मध्ये ‘मार्कोनिग्राफ’ हे मासिक सुरू केले. १९१३ मध्ये त्याचे नाव ‘वायरलेस वर्ल्ड’ झाले आणि कालांतराने ते एका प्रकाशनसंस्थेकडे गेले. अमेरिकेत मॅग्रॉ-हिल या प्रकाशनसंस्थेने एप्रिल १९३० मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स’ हे मासिक काढले. १९५७ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक न्यूज’ हे वृत्तपत्र निघाले आणि १९७२ मध्ये ‘ई. ई. टाइम्स’. यांखेरीज लहानमोठी कितीतरी पत्रे निघाली.

अशा रूक्ष पत्रांतून भाव आणि जाहिराती यांपलीकडे काय मिळणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर तीन उदाहरणांनी देता येईल.

पहिले उदाहरण १९४५ चे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये आर्थर क्लार्क या तरुणाचा लेख प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या वर, एखादा उपग्रह फिरत ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच चोवीस तासांत एक फेरी पुरी करील आणि खालून पाहणाऱ्याला एकाच जागी स्थिर भासेल. असे तीन उपग्रह असले की जवळजवळ साऱ्या जगाशी संदेशवहन साधेल, अशी त्याची कल्पना होती. तोवर एकही कृत्रिम उपग्रह आकाशात गेलेला नव्हता! पुढे १९६४ मध्ये असा स्थिर भासणारा पहिला उपग्रह प्रत्यक्ष कामाला लागला, आणि १९८१ मध्ये भारताचा ‘ॲपल’ हा प्रायोगिक उपग्रहही त्याच उंचीवर पोहोचला.

दुसरे उदाहरण ‘इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाचे. १९ एप्रिल १९६५ रोजी निघालेल्या त्याच्या पस्तिसाव्या वर्धापनदिनाच्या अंकात गॉर्डन मूर यांनी चार पानांचा एक लेख लिहिला. सिलिकॉनच्या एका लहानशा चकतीवर, म्हणजे ज्याला आपण चिप म्हणतो त्यावर, मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी साधारण दुप्पट होत आहे आणि १९७५ पर्यंत ती ६५,००० पर्यंत जाईल, असे अनुमान त्यांनी मांडले. घरगुती संगणक आणि प्रत्येकाजवळ बाळगता येईल असे संदेशयंत्र यांचाही उल्लेख त्या लेखात आहे. १९७५ मध्ये मूर यांनी स्वतःच हा वेग दर दोन वर्षांस दुप्पट असा सुधारून घेतला. ‘मूरचा नियम’ म्हणून जो पुढे जगप्रसिद्ध झाला, तो कोणा विद्वत्परिषदेत नव्हे, तर धंद्याच्या एका मासिकात जन्मला.

तिसरे उदाहरण ‘इलेक्ट्रॉनिक न्यूज’चे. जानेवारी १९७१ मध्ये डॉन हॉफलर या वार्ताहराने त्यात कॅलिफोर्नियातील चिप-उद्योगावर लेखमाला लिहिली आणि तिच्या शीर्षकात त्या प्रदेशाला ‘सिलिकॉन व्हॅली’ म्हटले. ते नाव त्या प्रदेशाला कायमचे चिकटले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला त्याच पत्रात इंटेल कंपनीच्या ४००४ या सूक्ष्मप्रक्रियकाची जाहिरात झळकली. संगणकाचा मेंदू एकाच चिपवर मावतो, ही वार्ता उद्योगाला कळली ती अशा रीतीने.

आता प्रश्न असा की, या पत्रांचा खर्च कोण चालवीत असे? यातील बरीच पत्रे वाचकांना फुकट मिळत. मात्र मागेल त्याला नव्हे. वाचकाने एक छापील पत्रक भरून द्यावयाचे : आपण कोणत्या कारखान्यात काम करता, आपला हुद्दा कोणता, खरेदीचा निर्णय आपण घेता काय. उत्तरे समाधानकारक असली तरच अंक टपालाने घरी येई. अंकात एक टपालकार्डही असे. त्यावर आकडे छापलेले असत आणि प्रत्येक जाहिरातीखाली त्यांपैकी एक आकडा असे. ज्या वस्तूची अधिक माहिती हवी तिच्या आकड्याभोवती वर्तुळ काढून कार्ड पेटीत टाकले, की काही आठवड्यांनी त्या वस्तूचे माहितीपत्रक हजर! आपल्या पैशाचे काय झाले हे जाहिरातदाराला या कार्डांवरून मोजता येई. म्हणजे व्यवहार असा की, वाचक पैसे देत नसे; तो आपले नाव, हुद्दा आणि लक्ष देत असे, आणि जाहिरातदार त्या लक्षाची किंमत मोजत असे.

हे सारे इंटरनेटच्या आगमनाने उलटेपालटे झाले. भागाची माहिती हवी असल्यास अभियंता आता कार्ड पाठवून आठवडे कशाला काढील? कंपनीच्या संकेतस्थळावर ती क्षणात मिळते. जाहिरातींचा पैसा तिकडे वाहू लागला तशी कागदावरची पत्रे रोडावत गेली. ‘इलेक्ट्रॉनिक्स’ मासिक १९९५ मध्येच बंद पडले होते. ‘ई. ई. टाइम्स’ची अमेरिकेतील छापील आवृत्ती २०१२ च्या अखेरीस थांबली, तर १९५६ पासून निघणाऱ्या ‘ई. डी. एन.’ची २०१३ मध्ये. दोन्ही नावे संकेतस्थळांच्या रूपाने पुढे चालू राहिली. कागद मात्र संपला.

त्यानंतर २०१६ मध्ये एक लक्षणीय घटना घडली. ॲरो इलेक्ट्रॉनिक्स या सुट्या भागांच्या अमेरिकन वितरक कंपनीने ‘ई. ई. टाइम्स’, ‘ई. डी. एन.’ आदी प्रकाशने विकत घेतली. ज्या बाजाराच्या बातम्या द्यावयाच्या, त्याच बाजारातील एक मोठा व्यापारी पत्राचा मालक झाला. ‘मार्कोनिग्राफ’ आणि ‘किर्लोस्कर खबर’ यांची आठवण येथे होते. ती पत्रे कंपनीच्या घरातून निघून स्वतंत्र झाली. ही पत्रे स्वतंत्र घरातून कंपनीकडे गेली. एवढ्यावरून ती वाईट झाली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण संपादक सचोटीचा असला तर मालक कोणीही असो, पत्र चांगले निघू शकते. तथापि वाचकाने अधिक जागरूक राहिले पाहिजे, हे खरे. आज पुष्कळ लेख ‘प्रायोजित’ असतात, म्हणजे ज्याचा माल त्यानेच पैसे देऊन प्रसिद्ध केलेले असतात. ‘फुकट’ मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेसाठी नाव आणि पत्ता द्यावा लागतो. जुने टपालकार्ड गेले खरे, पण त्याचा व्यवहार गेला नाही; तो अधिक सूक्ष्म झाला, इतकेच.

या पत्रांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. धंद्याचा अंक वाचून झाला की रद्दीत जातो. तो कोण जपून ठेवणार? २००५ मध्ये मूर यांच्या लेखाला चाळीस वर्षे होत असताना इंटेलला त्या मूळ अंकाची चांगली प्रत हवी होती. तिने १०,००० डॉलरचे बक्षीस लावले. ज्या कंपनीची सारी भरभराट त्या नियमाच्या मागावर झाली, तिला तो अंक जगात शोधावा लागला! अखेर तो मिळाला इंग्लंडमधील एका अभियंत्याकडे. त्याने आपल्या घराच्या लाकडी तक्तपोशीखाली जुने अंक साठवून ठेवले होते. ज्याला जग रद्दी समजत होते, ते एका माणसाने जपले म्हणून राहिले.

आपल्या देशातही या शाखेची परंपरा आहे. दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक १९६९ मध्ये निघू लागले आणि त्याने पन्नास वर्षांचा टप्पा ओलांडला. आपल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना तारा, बॅटऱ्या आणि दिवे यांच्याशी खेळण्याची हौस आहे, त्यांनी असे एखादे मासिक मिळवून अवश्य चाळावे. सारे समजले नाही तरी बिघडत नाही. पुढच्या काळात काय येऊ घातले आहे त्याची चाहूल अशाच पानांतून आधी लागते.

मात्र ते वाचताना, किंबहुना छापील वा पडद्यावरील कोणतेही पान वाचताना, मनाशी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : या पानाचे पैसे कोणी दिले? उत्तर मिळाले म्हणून पान टाकून द्यावयाचे नाही. ते कोणत्या बाजूने लिहिले आहे एवढे ओळखून वाचावयाचे. तसे वाचणाऱ्याला जाहिरातीतूनही ज्ञान मिळते. आणि ज्याला हा प्रश्न कधी सुचतच नाही, तो फुकट मिळालेल्या वाचनाची किंमत नकळत मोजीत राहतो.