जुन्या कापडाची नवी गोधडी

गोधडी हा शब्द उच्चारला की गरिबीचे एक चित्र मनापुढे उभे राहते. अंगावर गोधडी पांघरणारा तो दरिद्री, अशी समजूत इतकी रूढ आहे की, ठिगळांची वस्त्रे हेतुपूर्वक धारण करणाऱ्या गाडगेमहाराजांना (१८७६–१९५६) लोकांनी 'गोधडेमहाराज' हेच नाव देऊन टाकले. परंतु गोधडीकडे केवळ अभावाची खूण म्हणून पाहणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही. चिंध्या कितीही गोळा केल्या तरी त्यांची आपोआप गोधडी होत नाही. कोणते कापड अद्याप टिकाऊ आहे, ते कोठे ठेवावे, कशाला कशाचा आधार द्यावा, याची पारख तिच्यामागे असते. आणि ही पारख ज्या घरात असते तेथे एका जुन्या गोधडीतून दुसरी नवी गोधडी जन्माला येते.

आरंभ होतो तो निवडीपासून. वस्त्र सगळीकडे सारखे झिजत नाही. लुगडे बसण्या-उठण्याच्या जागी विरते, पण त्याचे काठ आणि पदर पुष्कळ दिवस शाबूत राहतात. सदऱ्याची कॉलर आणि कोपर आधी जातात, पाठ मात्र धड असते. जाणती बाई असे कापड उजेडापुढे धरते, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहते आणि त्याचा निकाल लावते. जे ताण सोसते ते वरच्या किंवा खालच्या पाटासाठी; जे सोसत नाही ते आतल्या थरासाठी. टाकून देण्याजोगे फारच थोडे उरते. जुनी गोधडी उसवली तर वरचा पाट फाटलेला आणि आतले कापड मात्र चांगले, असे वारंवार आढळते. अशा वेळी दोघांच्या जागा बदलतात. फाटका पाट पोटात जातो. मागच्या कामातून उरलेले, जोडून ठेवलेले चौकोन आणि चोळीच्या खणांचे कोपरे त्याच्यावर येतात.

हे उरलेले चौकोन एका मापाचे क्वचितच असतात. लहान तुकड्याला कडेने पट्टी जोडून मोठ्याच्या मापाचे करून घ्यावे लागते, आणि त्या पट्टीमुळेच पुष्कळदा रंगांची मांडणी साधते. येथे एक पथ्य आहे. कापडाचा ताणा आणि बाणा शक्यतो सरळ ठेवावा. तिरका कापलेला तुकडा धुतल्यावर लांबतो आणि शेजारच्या तुकड्याला ओढतो. कडेला गडद आणि मजबूत कापड लावतात. पांघरताना हात पडतो तो कडेवरच, आणि गोधडी प्रथम फाटते तीही तेथेच.

मग भुईवर अंथरणी होते. खालचा पाट पसरून त्यावर आतले तुकडे मांडतात. भिंत बांधताना गवंडी विटेचा सांधा विटेच्या सांध्यावर येऊ देत नाही. येथेही एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या जोडावर येऊ द्यायचा नसतो, नाही तर तेथे गाठ होते आणि निजणाऱ्याच्या पाठीला रुतते. चार-पाच थरांपलीकडे जाणेही बरे नव्हे. ओली गोधडी पिळून वाळत घालायची असते, याचा विसर पडून चालत नाही. वरचा पाट घातल्यावर कोपऱ्यांवर वजने ठेवून लांब लांब कच्चे टाके घालतात आणि त्यानंतर खरा धावदोरा सुरू होतो. तो एका कोपऱ्यापासून निघतो, कडेकडेने एक फेरी घेतो आणि बोटाबोटाच्या अंतराने आत आत वळत मध्यावर येऊन थांबतो. शिवणारी गोधडीवरच बसलेली असते. डाव्या तळव्याने ती कापड सारखे करीत जाते. तेवढे केले नाही तर साऱ्या चुण्या मध्यभागी गोळा होतात.

या श्रमाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. साडेतीन हात रुंद आणि साडेचार हात लांब, म्हणजे त्रेसष्ट इंचांनी एक्याऐंशी इंच, अशी गोधडी घेतली आणि धावदोऱ्याच्या दोन ओळींत एक इंच अंतर ठेवले, तर सुमारे १४० वार लांबीची शिवण घालावी लागते. इंचाला दोनच टाके धरले तरी ही संख्या दहा हजारांवर जाते. यात चौकोन जोडण्याचे टाके धरलेले नाहीत.

एवढ्या टाक्यांचे प्रयोजन काय? एक तर, त्यांनी बांधलेल्या थरांमध्ये हवा अडकून राहते. ही स्थिर हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. ऊब येते ती तिच्यामुळे. दुसरे असे की, विरलेले कापड एकटे असताना लगेच फाटत जाते. पण बोटाबोटावर टाका असला की फाटणे पुढच्या ओळीपाशी अडते. रजईतला कापूस काही वर्षांनी गोळा होतो आणि ती पिंजाऱ्याकडे न्यावी लागते. गोधडीला नदीचे पाणी आणि उन्हाचा एक दिवस पुरतो.

जुनेच कापड का, याचेही उत्तर येथेच आहे. कितीतरी धुण्यांनी ते आटून झालेले असते, त्याचा कच्चा रंग निघून गेलेला असतो आणि त्याची खळ जाऊन ते मऊ झालेले असते. तान्ह्या बाळाचे दुपटे महाराष्ट्रात जुन्या लुगड्याचे करतात, तशी बिहारात नवजात बालकासाठी जुन्या साड्या-धोतरांची सुजनी शिवली जाई. बंगालच्या काँथ्यात तर साडीच्या काठांतून काढलेला रंगीत दोराच भरतकामासाठी वापरीत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणारे, आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक आपल्या गोधडीला कवंद म्हणतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचे 'फूल' असल्याशिवाय ती त्यांना पुरी झाली असे वाटत नाही. ही सारी परंपरा जुनी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात, मगधातील बांधाबांधांनी विभागलेली शेते दाखवून बुद्धाने आनंदाला भिक्षूंची चीवरे तशी जोडावयास सांगितल्याची कथा आहे. तुकडे जोडलेल्या वस्त्राचा चोराला मोह होत नाही, हाही त्यातील एक हेतू होता.

आज मात्र या कलेपुढे एक अडचण उभी आहे, आणि ती हौसेच्या अभावाची नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन, टेरिलीन, टेरिकॉट घरोघर आले आणि घरातील जुन्या कापडाचा स्वभावच पालटला. असे कापड विरत नाही, म्हणून मऊही होत नाही. ते घाम शोषत नाही, सुईखाली निसटते, आणि सुती तुकड्याशेजारी जोडले तर धुण्यानंतर सूत आटते, ते मात्र आटत नाही. परिणामी शिवण चुरगळते. मिश्र कापडांच्या ढिगातून सुती निवडून काढणे, नवे सुती कापड असल्यास ते आधी धुऊन आटवून घेणे आणि कृत्रिम धाग्याचे तुकडे वेगळ्या, बसकरासारख्या कामाला ठेवणे, हाच त्यावरचा उपाय होय. यंत्रावर शिवताना ही निवड अधिकच काटेकोर करावी लागते.

दुसरी अडचण मोलाची आहे. गोधडी शिवून देणाऱ्या बायका पुष्कळ गावांत व शहरांत आहेत. कापड घरचे आणि जुने, मग मजुरी ती किती द्यायची, असा सौदा त्यांच्याशी केला जातो. यंत्रावर विणलेले ब्लँकेट बाजारात स्वस्त मिळते, हाही दाखला पुढे येतो. सौदा करणाऱ्याने १४० वार शिवणीचा हिशेब एकदा मनाशी करावा. कापड फुकट असले तरी त्याची पारख आणि ते दहा हजार टाके फुकट नसतात. ते मोल मिळाले, तरच शिवणारीची मुलगी तिच्याशेजारी सुई घेऊन बसेल.