आगाखान पॅलेसचे दर्शन : सर्वांना घडेल अशी सहल

पुण्यात नगर रस्त्यावर, येरवड्यानजीक उभी असलेली आगाखान पॅलेसची वास्तू महाराष्ट्रातील शिक्षकांना व विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. शालेय सहली, ग्रामपंचायतींचे अभ्यासदौरे आणि ज्येष्ठ नागरिकांच्या यात्रा येथे नेहमी येत असतात. परंतु सहलीची यादी तयार होत असतानाच काही नावे तीतून हळूच गळतात. चाकाच्या खुर्चीवर बसणारा विद्यार्थी, दृष्टिहीन मुलगी, गुडघेदुखीने बेजार झालेले ज्येष्ठ सदस्य यांना 'तुम्हांला त्रास होईल' असे सांगितले जाते. ते सद्हेतूनेच सांगितले जाते. पण त्रास खरोखर कोठे आहे आणि तो टाळता येईल किंवा नाही, याची चौकशी मात्र कोणी केलेली नसते. ही चौकशी कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

वास्तूची पूर्वपीठिका

सुलतान मुहम्मद शाह, तिसरे आगाखान, यांनी हा प्रासाद १८९२ साली बांधला. दुष्काळाने गांजलेल्या परिसरातील लोकांना काम मिळावे, हा बांधकामामागील हेतू होता. त्या काळी हे स्थान शहराबाहेर होते. कमानींची भव्य इमारत, तिच्याभोवती फिरणारा रुंद व्हरांडा, हिरवळी आणि वृक्षराजी असा या मालमत्तेचा विस्तार सुमारे १९ एकरांचा आहे.

'छोडो भारत' आंदोलनाच्या प्रारंभी, ९ ऑगस्ट १९४२ रोजी, महात्मा गांधींना अटक करून येथे स्थानबद्ध करण्यात आले. कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन, प्यारेलाल आणि डॉ. सुशीला नय्यर यांनीही येथे बंदिवास भोगला. महादेवभाईंचे १५ ऑगस्ट १९४२ रोजी, तर कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच निधन झाले. गांधीजींची सुटका ६ मे १९४४ रोजी झाली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, चौथ्या आगाखानांनी ही वास्तू भारतीय जनतेला अर्पण केली. २००३ साली ती राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित झाली.

येथील बंदिवासात गांधीजींनी १० फेब्रुवारी १९४३ पासून २१ दिवसांचा उपवास केला, तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. कस्तुरबांचे अखेरचे महिने हृदयविकाराने ग्रासलेल्या अवस्थेत, इतरांच्या आधारानेच गेले. जेथे दुर्बल देहाची शुश्रूषा हाच दिनक्रमाचा भाग होता, ते स्थळ आज दुर्बल देहाच्या माणसाला पाहता येऊ नये, हे खचितच उचित नव्हे.

कायद्याची दृष्टी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख व महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. सार्वजनिक इमारती व सेवा सर्वांना वापरता याव्यात, हे या कायद्याने बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात सुगमतेची किमान मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपाची न राहता सक्तीची असली पाहिजेत, असे स्पष्ट केले. सबब, दिव्यांग विद्यार्थ्याला सहलीस नेणे हा उपकार नसून तो त्याच्या शिक्षणाचा व हक्काचा भाग होय.

त्याचबरोबर हेही ध्यानी घेतले पाहिजे की, संरक्षित स्मारकात मनास येईल तसे फेरफार करता येत नाहीत. पायऱ्या फोडून उतार करणे किंवा दारे रुंदावणे तेथे शक्य नसते. म्हणूनच हलवता येणारे उतार, पर्यायी प्रवेशद्वार आणि पूर्वनियोजन यांना अशा ठिकाणी विशेष महत्त्व प्राप्त होते.

निघण्यापूर्वीची चौकशी

पहिली चौकशी स्वतः त्या व्यक्तीकडे करावी. किती पायऱ्या चढता येतात, किती वेळ उभे राहता येते, मदत कोणाची व कशी हवी, हे तिच्याइतके अचूक कोणीही सांगू शकत नाही. दुसरी चौकशी स्मारकाच्या कार्यालयाकडे करावी. 'सोय आहे काय?' असा मोघम प्रश्न विचारल्यास 'आहे' असे मोघम उत्तर मिळते. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत : वाहन प्रवेशद्वारापासून किती अंतरावर थांबेल? व्हरांड्यावर जाण्यास किती पायऱ्या आहेत? उतार असल्यास तो कोणत्या बाजूस आहे? चाकाची खुर्ची मिळेल काय? प्रसाधनगृहाचे दार किती रुंद आहे? समाधिस्थळाकडे जाणारी वाट फरसबंद आहे की खडीची?

शक्य असल्यास एका शिक्षकाने आधी जाऊन मोजपट्टीने पाहणी करावी. चाकाच्या खुर्चीला सुखाने जाण्यास सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीचे दार आणि वळण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते.

चढ-उताराचे गणित

उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. अशा तीन पायऱ्यांसाठी ५ मीटर ४० सेंटिमीटर. हे गणित ठाऊक नसल्याने पायऱ्यांवर आखूड फळी टाकून खुर्ची ढकलण्याचा प्रयत्न होतो व अपघात ओढवतो. खुर्ची उचलावीच लागली, तर बसलेल्या व्यक्तीस आधी विचारावे. हातांचे किंवा पायांचे सुटे भाग न धरता मुख्य सांगाडा धरावा. तीव्र उतारावरून खुर्ची उलटी, म्हणजे मागील बाजू उताराकडे करून, सावकाश उतरवावी.

प्रवासाचाही विचार आधीच करावा. एस.टी.च्या प्रासंगिक करारावरील गाडीच्या पायऱ्या उंच असतात. चढताना व उतरताना दोन प्रौढ साहाय्यक नेमून ठेवावेत. हे काम वर्गमित्रांवर सोपवू नये. पुण्यापर्यंत रेल्वेने येणाऱ्यांना मेट्रोचे कल्याणीनगर स्थानक जवळचे असून तेथे उद्वाहनाची सोय आहे.

पाहणे केवळ डोळ्यांनी नव्हे

दिव्यांगत्व म्हणजे केवळ चाकाची खुर्ची नव्हे. दृष्टिहीन विद्यार्थ्यास दालनाची लांबी-रुंदी, कमानींची रचना, वस्तूंची मांडणी शब्दांत सांगावी. व्हरांड्याची लांबी त्यास पावलांनी मोजू द्यावी. ज्यास स्पर्श करण्याची मुभा आहे, ते हाताळू द्यावे. कर्णबधिर विद्यार्थ्यास माहितीचा कागद आदल्या दिवशीच द्यावा आणि बोलताना शिक्षकाने तोंड त्याच्याकडे ठेवावे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना छायाचित्रे दाखवून दिवसाचा क्रम आधी समजावून सांगितल्यास अनोळखी जागेची भीती कमी होते.

वेळ आणि क्रम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने अनुकूल. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात. २ ऑक्टोबर, ३० जानेवारी व २२ फेब्रुवारी या दिवशी गर्दी संभवते, म्हणून ज्यांना शांतता हवी त्यांनी ते दिवस टाळावेत. कस्तुरबा व महादेवभाई यांच्या समाधी प्रासादाच्या मागील बाजूस आहेत. सहलींत त्या सर्वांत शेवटी पाहिल्या जातात आणि तोवर थकलेली माणसे मागे राहतात. ज्यांची शक्ती मर्यादित आहे, त्यांच्यासाठी हा क्रम उलट करून समाधिस्थळ प्रथम पाहावे. एका दिवसात पाच स्थळे उरकण्यापेक्षा दोनच स्थळे सर्वांनी मिळून पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

गावी परतल्यावर

या पाहणीचा उपयोग सहलीपुरताच राहू नये. ज्या मोजपट्टीने आपण प्रासादाच्या पायऱ्या मोजल्या, तीच घेऊन ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र व रेशन दुकान यांचीही पाहणी करावी. पंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. कोणती सोय आधी हवी, हे गावातील दिव्यांग बांधवांना विचारूनच ठरवावे. प्राचीन वास्तूत बदल करण्यास मर्यादा आहेत. गावच्या शाळेला उतार बांधण्यास मात्र तशी कोणतीच अडचण नाही.