पत्र्याच्या छपराला पुन्हा रंग कधी द्यावा?

कोकणात अनेक घरांवर कौलांच्या जागी आलेल्या लोखंडी पत्र्याचे मूळ संरक्षण त्यावरील जस्ताचा थर करतो. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचवते. रंगाचे काम हे जस्त टिकवण्याचे असल्यामुळे तांबडा गंज दिसेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणेच होय.

पहिली खूण म्हणजे कोरड्या पत्र्यावर बोट फिरवल्यास लागणारी रंगाची भुकटी. उन्हातील अतिनील किरणांनी बंधक, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा घटक, विघटित होतो आणि कण सुटे होतात. अशा वेळी छप्पर धुऊन, वाळवून रंग देणे बहुधा पुरेसे ठरते.

पोपडे मात्र अधिक गंभीर असतात. जस्ताच्या नव्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट दिल्यास त्यातील तेलाची जस्ताशी अभिक्रिया होऊन साबणासारखा पदार्थ तयार होतो, ज्यामुळे रंगाची पकड सुटते. त्यावर आणखी एक हात देणे व्यर्थ आहे. सुटा रंग खरवडून जस्तासाठीचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचे अस्तर, लावणे अटळ असते.

गंज प्रथम कापलेल्या कडांना, पत्र्यांच्या जोडांत आणि बोल्टच्या भोकांभोवती शोधावा. खाऱ्या वाऱ्यात तो लवकर पसरतो. खरवडताना पत्रा आरपार गेला, तर रंग निरुपयोगी असून पत्राच बदलावा लागतो.

सिमेंटचे जुने पत्रे मात्र कधीही कोरडे घासू नयेत, कारण त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात.